जुने बॉयलर हाऊस, नवे ऊर्जागृह : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकातील या सदरात मी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या एका इमारतीविषयी थोडक्यात लिहिले होते. मिनीॲपोलिस शहरात मिसिसिपी नदीच्या काठी १९१२ साली बांधलेले विद्यापीठाचे बॉयलर हाऊस २००० साली बंद करण्यात आले. त्यानंतर अनेक वर्षे ते नुसतेच उभे होते. विद्यापीठाने ते न पाडता आत २२.८ मेगावॉट क्षमतेचे गॅस टर्बाइन आणि त्या टर्बाइनच्या उष्णतेवर वाफ करणारा बॉयलर बसवला व २०१७ साली ती इमारत पुन्हा कामाला लावली. आता तेथे एकाच इंधनातून विद्यापीठासाठी वीजही तयार होते आणि वाफही. या मजकुरावर आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. माझी सारी नोकरी साखर कारखान्यांच्या बॉयलर हाऊसमध्ये गेली असल्यामुळे उदाहरणे तेथलीच सुचतात, आणि या विषयात ती बरोबर लागूही पडतात.

प्रश्न : शंभर वर्षांच्या इमारतीत नवी यंत्रे कोंबण्यापेक्षा मोकळ्या जागेवर पत्र्याची शेड उभी करणे स्वस्त आणि सोपे नव्हते का? जुन्या भिंतींचे प्रेम एवढाच हेतू असेल तर सार्वजनिक पैसा त्यावर का खर्चावा?
*— एक निवृत्त शिक्षक, बार्शी*

आपला प्रश्न रास्त आहे, आणि जुन्या इमारतीत काम करणे सोपे असते असे कोणीही जाणकार म्हणणार नाही. परंतु बॉयलर हाऊस ही इतर इमारतींसारखी नसते. तिचे मोल विटांपेक्षा ती ज्या जागी उभी आहे त्या जागेत अधिक असते. वाफेचे सगळे मोठे पाइप तेथून निघतात, पाण्याची आणि विजेची जोडणी तेथे येते, आणि वापरून झालेल्या वाफेचे पाणी, ज्याला आपण कंडेन्सेट म्हणतो, तेही तेथेच परत येते. जुन्या काळच्या अभियंत्यांनी बॉयलर हाऊस शक्यतो परिसराच्या सखल भागात बांधले, कारण वाफ स्वतःच्या दाबाने वर चढते आणि तिचे पाणी उताराने आपोआप खाली येते. नवी शेड दुसरीकडे बांधायची म्हटली की हे सारे जाळे तिकडे वळवावे लागते, आणि तो खर्च शेडच्या अंदाजपत्रकात बहुधा दिसत नाही.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. मी ज्या एका कारखान्यात होतो तेथे जुने बॉयलर हाऊस अडचणीचे वाटते म्हणून पाडले आणि नवे सुमारे दीडशे मीटर दूर उभारले. इमारत देखणी झाली, परंतु मुख्य वाफेचा पाइप तेवढ्याने लांबला आणि पूर्वी उताराने येणारे कंडेन्सेट पंपाने ओढावे लागू लागले. तो पंप हंगामात दोनदा बंद पडला, आणि दोन्ही वेळा गरम पाणी गटारात सोडून बॉयलरला थंड पाणी द्यावे लागले. जुनी जागा कोणीतरी विचार करून निवडली होती, हे आम्हाला ती गेल्यावर कळले.

दुसरी गोष्ट इमारतीच्या बांधणीची. कोळशाच्या काळातील बॉयलर हाऊसमध्ये कोळशाच्या कोठ्या उंचावर असत, त्याखाली बॉयलर, आणि बॉयलरच्या खाली राख काढण्याचा तळमजला. म्हणजे उंची भरपूर, पाया शेकडो टन वजन पेलणारा, आणि आत मधल्या भिंतींचा अडथळा जवळजवळ नाही. कचेरी किंवा वर्गखोल्या करायच्या असतील तर ही उंची अडचण ठरते, परंतु टर्बाइन, त्यामागचा उभा बॉयलर आणि हवेचे रुंद नळ बसवायचे असतील तर तीच उंची हवी असते.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. जुन्या पाइपांवरचे आवरण बहुधा ॲस्बेस्टॉसचे असते आणि रंगात शिसे असते. ते सगळे प्रशिक्षित माणसांकडून, धूळ बाहेर जाणार नाही अशा बंदोबस्तात आधी काढावे लागते. टर्बाइन मिनिटाला काही हजार फेरे घेते, म्हणून त्याचा पाया इमारतीच्या पायापासून सुटा ठेवावा लागतो, नाहीतर कंप विटांच्या सांध्यांत उतरतो. यंत्र आत न्यायचे तर छत किंवा भिंत तात्पुरती उघडून पुन्हा होती तशी बंद करावी लागते. आणि या आकाराचे टर्बाइन दर सेकंदाला साधारण सत्तर किलो हवा ओढते. एवढी हवा आत घेण्यासाठी गाळणीचे मोठे खोके आणि तेवढीच मोठी वाट लागते, ती जुन्या दर्शनी भागाला धक्का न लावता काढणे हे कसबाचे काम आहे. हा सारा खर्च धरूनही जागा आणि जाळे वाचत असेल तर जुनी इमारत राखणे हा हिशेबाचा निर्णय असतो. भिंतींवरचे प्रेम त्यासोबत असले तर त्यात गैर काही नाही.

प्रश्न : वीज आणि वाफ एकत्र केल्याने बचत होते असे आपण लिहिता. परंतु उष्णता तेवढीच असताना दोन्ही कामे एकाच इंधनातून कशी होतात, हे पुस्तकातील आकृती पाहूनही नीट उमगत नाही.
*— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड*

आपण कराडचे असल्यामुळे जवळपासचा एखादा साखर कारखाना पाहिलेलाच असेल. नसेल तर या हंगामात अवश्य पाहावा, आकृतीपेक्षा तेथे लवकर उलगडा होईल. उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला चोथा, निघतो, आणि एक किलो बगॅस जाळून सुमारे दोन किलो वाफ मिळते. ही वाफ मोठ्या दाबाची असते. तिला प्रथम टर्बाइनमधून नेतात, तेथे ती दाब व तापमान गमावून चाक फिरवते आणि वीज होते. बाहेर पडताना तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दीड-दोन किलोवर आलेला असतो. सर्वसाधारण वीजकेंद्रात या टप्प्यावरची वाफ थंड पाण्याने निववून तिची उरलेली उष्णता नदीत किंवा शीतक मनोऱ्यातून हवेत सोडून देतात. कारखान्यात मात्र तीच वाफ रस आटवण्यासाठी इव्हॅपोरेटरला आणि पॅनला जाते. रस आटवायला मोठ्या दाबाची गरजच नसते. म्हणजे वीज आधी काढून घेतली आणि आटवण्याचे काम उरलेल्या उष्णतेवर झाले. आपल्याकडे सारे ज्याला ‘कोजन’, म्हणजे सहवीजनिर्मिती, म्हणतात ते एवढेच आहे.

यात कळीची बाब अशी की वाफेतील बहुतेक उष्णता तिच्या वाफपणात असते, तापमानात नव्हे. एक किलो पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४१९ किलोज्यूल लागतात, परंतु त्या शंभर अंशांच्या पाण्याची वाफ करायला आणखी २२५७ किलोज्यूल लागतात. वीजकेंद्रात थंड करून टाकून दिली जाते ती प्रामुख्याने ही दुसरी, मोठी रक्कम. ज्याच्याकडे रस आटवायचा आहे किंवा वसतिगृह उबदार ठेवायचे आहे, त्याला नेमकी तीच हवी असते.

मिनीॲपोलिसमध्ये क्रम थोडा निराळा आहे. तेथे वाफेच्या आधी गॅस टर्बाइन आहे. नैसर्गिक वायू दाबलेल्या हवेत जळतो आणि ते तप्त वायू थेट चाक फिरवून वीज करतात. बाहेर पडतानाही अशा टर्बाइनचा झोत पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. तो चिमणीत सोडण्याऐवजी नळ्यांच्या जुडग्यांमधून नेला की त्या नळ्यांतील पाण्याची वाफ होते. या झोतात प्राणवायू बराच शिल्लक असतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत वाफ कमी पडली तर त्याच झोतात थोडा जादा वायू पेटवून वाफ वाढवण्याची सोय अशा बॉयलरमध्ये करता येते.

आता आकडे मांडू. समजण्यासाठी गोळाबेरीज धरतो. शंभर भाग इंधन टर्बाइनला दिले, तर सुमारे ३३ भाग वीज, ४५ भाग वाफ आणि २२ भाग तोटा असे पदरात पडेल. हेच दोन्ही वेगवेगळे करायचे झाले, तर ३३ टक्के कार्यक्षमतेच्या जुन्या कोळसा केंद्रात ३३ भाग विजेसाठी शंभर भाग इंधन लागेल, आणि ८२ टक्के कार्यक्षमतेच्या स्वतंत्र बॉयलरमध्ये ४५ भाग वाफेसाठी सुमारे ५५ भाग. एकूण १५५. म्हणजे शंभरात जे झाले त्याला एरवी दीडपटीहून अधिक लागले असते. परंतु येथे एक पथ्य पाळावे. बाहेरून येणारी वीज जर ५५ टक्के कार्यक्षमतेच्या आधुनिक गॅस केंद्रातून येत असेल, तर वेगळ्या मार्गाने लागणारे इंधन ६० अधिक ५५, म्हणजे ११५ एवढेच होते, आणि बचत बरीच आटते. कोणीही बचतीचा आकडा सांगितला की ‘कशाच्या तुलनेत’ हे आधी विचारावे. परीक्षेत हा प्रश्न येणार नाही, नोकरीत रोज येईल.

आणखी एक अट आहे. वाफ घेणारे कोणी नसेल तर हे सारे गणित कोलमडते. साखर कारखान्यात गाळप थांबले की आटवायला रस नसतो. विद्यापीठात मात्र प्रयोगशाळा, रुग्णालय, गरम पाणी यांना बाराही महिने थोडीफार उष्णता लागतेच. म्हणून टर्बाइनचा आकार हिवाळ्यातील सर्वोच्च मागणीवर न बेतता, वर्षभर टिकणाऱ्या मागणीवर बेतणे शहाणपणाचे ठरते.

प्रश्न : माझी मुलगी मिनीॲपोलिसला शिकते. तिच्या वसतिगृहात वाफ जमिनीखालून येते असे ती सांगते. बाहेर उणे वीस अंश असताना ती वाटेत थंड कशी होत नाही? आणि एवढे पाइप रस्त्याखाली फुटले तर?
*— एक वाचक, सातारा*

मुलगी सांगते ते खरे आहे, आणि त्या शहरात ते एका विशेष कारणाने सोपे झाले आहे. मिनीॲपोलिसच्या खाली वरचा थर कठीण चुनखडकाचा आणि त्याखाली सेंट पीटर नावाचा वालुकाश्म आहे. हा वालुकाश्म इतका मऊ आहे की हाताने खरवडला तरी त्याचे कण सुटतात. वर कठीण छत आणि खाली सहज कोरता येणारा दगड, त्यामुळे तेथे बोगदे खणणे सोयीचे पडले. शहरातील सेंट अँथनी धबधबाही याच रचनेमुळे तयार झाला आणि मागे मागे सरकत गेला, कारण पाणी खालचा मऊ दगड कोरते आणि वरची फरशी कोसळते. विद्यापीठाच्या वाफेच्या मुख्य वाटा या खोल बोगद्यांतून जातात. खोल जमिनीत हिवाळ्याचा कडाका पोहोचत नाही, आणि पाइप बोगद्यात असल्यामुळे दुरुस्तीसाठी रस्ता खणावा लागत नाही, माणूस चालत पाइपापर्यंत जातो.

वाफ थोडी थंड होतेच. पाइपावर कितीही चांगले लॅगिंग, म्हणजे उष्णता रोखणारे आवरण, केले तरी थोड्या वाफेचे पाणी वाटेतच बनते. ते पाणी पाइपात साचू दिले तर वेगाने येणारी वाफ त्याला ढकलत नेते आणि वळणावर ते घणासारखे आदळते. आपण फुटण्याविषयी विचारले आहे, तर पाइप फुटण्याचे एक मोठे कारण हेच. म्हणून ठरावीक अंतरावर स्टीम ट्रॅप बसवतात. ही मुठीएवढी झडप पाणी बाहेर सोडते आणि वाफ अडवते. ती आत काय करते आहे हे बाहेरून दिसत नाही. आमच्याकडचा एक म्हातारा फिटर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक ट्रॅपवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवून ऐकत असे. टप-टप थांबून-थांबून आवाज आला तर ट्रॅप ठीक, सतत सळसळ ऐकू आली तर ट्रॅप उघडा राहिला आहे आणि वाफ फुकट चालली आहे. आता या कामाला ध्वनिमापक उपकरणे आली आहेत, परंतु ऐकायचे तेच आहे. सात किलो दाबाच्या वाफेला तीन मिलिमीटरचे भोक मिळाले तर तासाला पंचवीस-तीस किलो वाफ निघून जाते. म्हणजे दिवसाला सहाशे-सातशे किलो, एका ट्रॅपमागे. म्हणून इमारतीत नवे टर्बाइन बसवून जाळ्यातील ट्रॅपांकडे दुर्लक्ष केले तर वाचवलेले इंधन बोगद्यात सांडत राहते.

दुसरी काळजी पाइप वाढण्याची. शंभर मीटर लांबीचा पोलादी पाइप दीडशे अंशांनी तापला की सुमारे १८ सेंटिमीटर लांब होतो. त्याला सरकायला जागा ठेवली नाही तर तो आधार उखडतो. म्हणून मध्येच चौकोनी वळसा घालतात, आणि पाइप तापला की तो वळसा लवून ही वाढ सामावून घेतो. अशी व्यवस्था नीट राखलेली असेल तर वाफेचे जाळे अनेक दशके चालते. मुलीची काळजी करू नये.

प्रश्न : नैसर्गिक वायू हे शेवटी खनिज इंधनच आहे. कोळशाच्या जागी वायू आणून त्याला ऊर्जा-कार्यक्षम म्हणणे योग्य आहे का?
*— पर्यावरण अभ्यास मंडळाची एक कार्यकर्ती, नाशिक*

कार्यक्षम म्हणणे योग्य आहे. कार्बनमुक्त म्हणणे योग्य होणार नाही, आणि या दोन शब्दांची गल्लत होते हे आपण बरोबर हेरले आहे. उष्णतेच्या एकाच मापामागे वायूतून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या साधारण साठ टक्के असतो, आणि राख व गंधक जवळजवळ नसते. परंतु साठ टक्के म्हणजे शून्य नव्हे, शिवाय विहिरीपासून बर्नरपर्यंत कोठेही वायू गळला तर त्यातील मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी तीव्र हरितगृह वायू आहे.

याच कामाकडे दोन अन्य विद्यापीठांनी निराळ्या वाटेने पाहिले. इंडियाना राज्यातील मन्सी येथील बॉल स्टेट विद्यापीठाने आपले कोळशाचे बॉयलर २०१४ साली बंद केले. त्यांच्या जागी जमिनीत साडेतीन हजारांहून अधिक विवरे खणून त्यांत बंद नळ्या सोडल्या, आणि उन्हाळ्यात इमारतींतील उष्णता जमिनीत साठवायची व हिवाळ्यात हीट पंपाने, म्हणजे थंड जागेतील उष्णता विजेच्या जोरावर उबदार जागेत नेणाऱ्या यंत्राने, ती परत उचलायची अशी योजना केली. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाने तर १९८७ पासून चालू असलेला आपला गॅसवरचा सहवीजनिर्मिती प्रकल्पच बंद केला. त्यांच्या ध्यानात आले की परिसरात एकाच वेळी एका इमारतीत थंडावा हवा असतो आणि दुसरीत ऊब. थंडावा करताना इमारतीतून काढलेली उष्णता हवेत सोडण्याऐवजी ती गरम पाण्याच्या जाळ्यात टाकली तर बहुतेक काम भागते. २०१५ साली त्यांनी वाफेचे जाळे काढून गरम पाण्याचे घातले. वाफेपेक्षा गरम पाणी कमी तापमानाचे असते, म्हणून वाटेतला तोटाही घटतो.

मग मिनेसोटाने तसे का केले नाही, असे आपण विचाराल. मला दिसते ते असे. वाफेचे जाळे बदलून गरम पाण्याचे करायचे म्हणजे प्रत्येक इमारतीच्या तळघरातील यंत्रणा बदलायची, आणि हीट पंप जेवढ्या कडक थंडीत चालवावा तेवढी त्याला वीज अधिक लागते. शिवाय २००० नंतर परिसराच्या वाफेचा बहुतेक भार साउथईस्ट नावाच्या दुसऱ्या वाफ केंद्रावर होता. ती इमारत मुळात १९०३ साली ट्राम कंपनीचे वीजघर म्हणून बांधली गेली होती. उणे वीस अंशांत रुग्णालयासह सारा परिसर एकाच केंद्रावर सोडणे धोक्याचे असते, म्हणून दुसरे केंद्र लवकर उभे राहणे गरजेचे होते. माझ्या मते २०१७ सालचा हा निर्णय त्या परिस्थितीत समर्थनीय होता, परंतु पुढच्या चाळीस वर्षांसाठी तो पुरेसा नाही. एक समाधान मात्र आहे. ज्या इमारतीने कोळसा जाऊन टर्बाइन आलेले पाहिले, तिच्याच पोटात टर्बाइन काढून उद्या हीट पंप बसवता येतील. जागा, पाया आणि पाइपांची तोंडे तेथेच राहतील.

प्रश्न : लंडनच्या जुन्या वीजकेंद्रात कलासंग्रहालय झाले. बॉयलर हाऊसचेही तसेच काही करून लोकांना आत येऊ देणे हा वारशाचा अधिक चांगला उपयोग नव्हे काय?
*— एक वास्तुविशारद, मुंबई*

टेट मॉडर्नचे उदाहरण आपल्या मनात असावे. बँकसाइडचे ते वीजकेंद्र १९८१ साली बंद झाले आणि २००० साली तेथे संग्रहालय उघडले. मिनीॲपोलिसमध्येच, नदीच्या पलीकडच्या काठावर, वॉशबर्न पिठाच्या गिरणीचे १९९१ सालच्या आगीतून उरलेले अवशेष राखून २००३ साली त्यांत गिरण्यांच्या इतिहासाचे संग्रहालय केले आहे. दोन्ही कामे उत्तम आहेत. परंतु त्या वास्तूंचे मूळ काम त्या जागी संपलेले होते. विद्यापीठाला वाफ आजही लागते. ज्या इमारतीचे मूळ काम शिल्लक आहे तिला तेच काम परत द्यावे असे मला वाटते, कारण मग तिची देखभाल अनुदानावर अवलंबून राहत नाही. छत गळले तर ते त्याच आठवड्यात दुरुस्त होते, कारण खाली टर्बाइन असते. नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठानेही १९२० च्या दशकातील आणि १९७८ साली बंद झालेले आपले ईस्ट कॅम्पसचे वाफ केंद्र २०१० साली वायूवर पुन्हा चालू केले ते याच विचाराने असावे.

लोकांना आत येऊ द्यावे हे आपले म्हणणे मात्र मला पूर्ण पटते. सुरक्षित सज्जा आणि काचेची एक भिंत ठेवली तर विद्यार्थ्यांना आपली ऊब कोठून येते हे पाहता येईल. आपल्याकडे गळीत हंगामाच्या आरंभी बॉयलर अग्निप्रदीपनाला गावचे लोक येतात, पूजा होते, आणि बॉयलरचे तोंड पाहिलेली माणसे गावात असतात. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना वाफेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

प्रश्न : आपल्याकडे खोल्या तापवाव्या लागत नाहीत. मग जुन्या संस्थांच्या आवारात पडून असलेल्या बॉयलर खोल्यांना या साऱ्याचा काय उपयोग? आमच्या रुग्णालयात अशी एक खोली आहे, म्हणून विचारतो.
*— एका धर्मादाय रुग्णालयाचे व्यवस्थापक, कोल्हापूर*

आपल्याकडे ऊब नको हे खरे, परंतु रुग्णालयाला उपकरणांच्या निर्जंतुकीकरणाला, धुलाईला, स्वयंपाकघराला आणि गरम पाण्याला वाफ लागतेच, आणि थंडावा तर भरपूर लागतो. उष्णतेतूनही थंडावा निर्माण करता येतो. लिथियम ब्रोमाइड या क्षाराच्या द्रावणावर चालणारे ॲबसॉर्प्शन चिलर, म्हणजे पाणी गार करणारी यंत्रे, कॉम्प्रेसरऐवजी वाफेवर किंवा गरम पाण्यावर चालतात, आणि पुण्याची थरमॅक्स कंपनी ते अनेक वर्षांपासून बनवते आहे. ज्या रुग्णालयात जनरेटर किंवा गॅस इंजिन रोज बराच वेळ चालते, तेथे त्याच्या धुरातील उष्णतेवर असे चिलर चालू शकते. मात्र जनरेटर केवळ वीज गेल्यावर तासभर चालत असेल, तर त्याच्या उष्णतेसाठी यंत्रणा बसवणे परवडणार नाही. केवळ चिलरसाठी मुद्दाम इंधन जाळण्याचाही मी सल्ला देणार नाही, विजेवरचे चांगले चिलर त्याहून बरे.

आपण सल्लागार नेमण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः तपासाव्यात. खोलीतील पाइपांवरचे पांढरट आवरण हाताने काढू नये, कोणालाही काढू देऊ नये, आधी त्याचा नमुना प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावा. जुना बॉयलर पुन्हा पेटवण्याचा विचार असल्यास बाष्पके संचालनालयाच्या तपासणीशिवाय त्यात पाणीही भरू नये. मूळ आराखडे कोठे दप्तरात पडले असतील ते शोधून काढावेत, कारण जमिनीखालील पाइप आणि चर नेमके कोठून जातात हे पुष्कळदा फक्त त्या कागदांवर असते.

आणि सध्या जो बॉयलर चालू आहे त्याच्या पाण्याचे मोजमाप करावे. टाकीला ताजे पाणी येते त्या नळावर एक मीटर बसवावा आणि महिनाभर रोज सकाळी आकडा वहीत लिहावा. बॉयलरने जेवढी वाफ केली त्याच्या निम्म्याहून अधिक ताजे पाणी भरावे लागत असेल, तर कंडेन्सेट परत येत नाही, ते धुलाईघरामागे किंवा स्वयंपाकघराच्या गटारात गरमागरम वाहून जात आहे. बॉयलरला जाणारे पाणी सहा अंशांनी अधिक गरम मिळाले की इंधन सुमारे एक टक्क्याने वाचते. तीस अंशांच्या पाण्याऐवजी ऐंशी अंशांचे कंडेन्सेट परत आणता आले तर आठ टक्के इंधन त्या एका पाइपात आहे. तो पाइप टाकायला नव्या इमारतीची गरज नाही. त्या वहीतील महिनाभराचे आकडे मला पाठवल्यास पुढील अंकात त्यांवर सविस्तर लिहीन.